ओलावा मापणाऱ्या यंत्राची घरची तपासणी

सोयाबीनची मळणी आटोपून माल पोत्यांत भरला म्हणजे पुढचा निवाडा पूर्वी बाजारात होई, आणि तो डोळ्यांनी, मुठीने व दातांनी होई. जाणता आडत्या मूठभर दाणे हातात घेई, एक दाणा दाताखाली फोडी आणि त्याच्या आवाजावरून माल वाळलेला आहे की दमट आहे हे सांगे. या पद्धतीत लबाडीला जागा होती यात शंका नाही; परंतु दात शेतकऱ्यालाही होते आणि त्याला वाद घालता येत असे. आज खरेदी केंद्रावर हाच निवाडा एक लहानसे यंत्र अर्ध्या मिनिटात करते. त्याच्या काचेवर उमटलेल्या आकड्याशी वाद घालण्याचे कोणतेही साधन शेतकऱ्याजवळ नाही. आकडा बाराच्या आत आला तर माल हमीभावाने घेतला जातो. बाराच्या वर गेला तर ट्रॅक्टर परत फिरतो.

यंत्र आले ही तक्रारीची गोष्ट नव्हे. दाताच्या निवाड्यापेक्षा यंत्राचा निवाडा केव्हाही इष्टच. प्रश्न एवढाच आहे की, शेतकऱ्याचा माल मापणाऱ्या या यंत्राला कोण मापतो? या बाबतीत माझे मत असे आहे की, माल घेणाऱ्या कंपनीने आपले मॉइश्चर मीटर आपल्याच प्रयोगशाळेत, हंगाम चालू असताना वारंवार तपासले पाहिजे. मात्र ज्या वजनांवरून व तापमापकांवरून ही तपासणी व्हावयाची ती साधने बाहेरून प्रमाणित होऊन आलेली असावीत, आणि तपासणीची वही शेतकऱ्यास पाहावयास मोकळी असावी. या अटी पाळल्या नाहीत तर घरची तपासणी ही तपासणीच नव्हे.

प्रथम या आकड्यावर काय अवलंबून आहे ते पाहू. सन २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी केंद्र शासनाने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर केला. हमीभावाने खरेदी करताना ओलाव्याची मर्यादा साधारणतः १२ टक्के असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या हंगामापुरती ती १५ टक्क्यांपर्यंत वाढविण्यात आली होती, यावरून हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा आहे याची कल्पना यावी. आता समजा, एका शेतकऱ्याने २० क्विंटल माल आणला. त्यातील खरा ओलावा ११.८ टक्के आहे, पण यंत्र १२.६ दाखविते. माल नाकारला जातो आणि शेतकरी तो वाटेत व्यापाऱ्याला, समजा ४,००० रुपये भावाने, देऊन टाकतो. या एका व्यवहारात त्याचे २६,५६० रुपये गेले. ते ना पावसाने नेले, ना किडीने. ते यंत्रातील आठ दशांश टक्क्यांच्या चुकीने नेले.

जेथे माल नाकारण्याऐवजी ओलाव्याप्रमाणे वजनात घट धरली जाते तेथे तोटा लहान असतो, पण तो प्रत्येकाला होतो. २० क्विंटल मालात १३ टक्के ओलावा असेल तर कोरडा भाग १,७४० किलो भरतो. बारा टक्क्यांच्या हिशेबाने त्याचे वजन सुमारे १,९७७ किलो होते. म्हणजे एका टक्क्यामागे रास्त घट सुमारे २३ किलोची. यंत्र एक टक्का जास्त दाखवीत असेल तर हे २३ किलो, म्हणजे हमीभावाने सुमारे १,२०० रुपये, शेतकऱ्याच्या पदरातून विनाकारण जातात. हंगामात शेकडो गाड्या मापल्या जातात हे लक्षात घेतले म्हणजे ही रक्कम केवढी होते ते सांगावयास नको.

उलट बाजूही आहे आणि तिचा विचार शेतकरी बंधूंनी अवश्य करावा. यंत्र कमी दाखवू लागले तर माल आणणारा खूष होतो, पण दमट सोयाबीन कोठारात जाते. ते आतून तापते, त्याला बुरशी लागते, तेलाची आम्लता वाढते. बियाण्यासाठी ठेवलेला माल असेल तर उगवण पडते. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्यास साध्या पोत्यात १२ टक्क्यांहून अधिक ओलावा चालत नाही आणि उगवण किमान ७० टक्के लागते, हे आपण जाणताच. हा तोटा कोणाचा? कंपनी परक्याची असेल तर परक्याचा. परंतु कंपनी कायद्यात २००२ साली झालेल्या दुरुस्तीने शेतकरी उत्पादक कंपन्या निघू लागल्या, आणि आज कित्येक ठिकाणी माल विकणारा शेतकरी व माल घेणाऱ्या कंपनीचा भागधारक हा एकच माणूस असतो. त्याने काट्यावर मिळविलेले तो कोठारात गमावतो. तेव्हा यंत्र शेतकऱ्याच्या बाजूने चुकले तर चालेल असे कोणी म्हणू नये. ते चुकतच नसावे, आणि चुकले तर त्याच दिवशी कळावे.

हे यंत्र काय करते ते समजावून घेणे अगत्याचे आहे. मीटर दाण्यातील पाणी मापते असा सर्वांचा समज असतो. वस्तुतः ते पाणी मापीत नाही. त्यातील काही मीटरे दाण्यांतून वीज किती अडते ते पाहतात, तर पुष्कळशी मीटरे दोन पत्र्यांमधील दाण्यांमुळे विजेच्या साठवणीत किती फरक पडतो ते पाहतात. पाणी वाढले की हे गुण बदलतात, आणि कारखानदाराने आत बसविलेल्या कोष्टकावरून यंत्र ओलाव्याचा आकडा काढते. म्हणजे तो एक अंदाजच होय. चांगल्या यंत्रात चांगला अंदाज. दाण्याचा आकार, वाण, तेलाचे प्रमाण, दाणे भांड्यात सैल पडले की दाटून बसले, माल गार आहे की उन्हात तापलेला आहे, या सर्वांचा त्यावर परिणाम होतो. हरभऱ्याचे कोष्टक लावून सोयाबीन मापले तर आकडा भलताच येतो, आणि गर्दीच्या दिवशी असे होत नाही असे नाही. म्हणूनच या अंदाजाला मधूनमधून खऱ्या ओलाव्याशी ताडून पाहावे लागते. या ताडण्यालाच कार्यालयीन भाषेत अंशशोधन व व्यवहारात कॅलिब्रेशन असे म्हणतात.

खरा ओलावा काढण्याची रीत जुनी व सरळ आहे. दाणे तोलावे, ठरलेल्या उष्णतेवर ठरलेला वेळ ओव्हनमध्ये वाळवावे, पुन्हा तोलावे. जे वजन घटले ते पाणी. दहा ग्रॅमचे ८.८० ग्रॅम राहिले तर ओलावा १२ टक्के. सोयाबीनसारख्या तेलबियांसाठी उष्णता १०३ अंश सेल्सिअस धरतात. भरड दळलेल्या नमुन्यास बियाणे तपासणीच्या पद्धतीत सुमारे १७ तास देतात; अख्खे दाणे ठेवण्याची अमेरिकन कृषी अभियंत्यांची जी रीत आहे तीत ७२ तास लागतात. यात गुपित काही नाही. एक चांगला काटा, एक ओव्हन, झाकणाच्या काही ॲल्युमिनियमच्या डब्या आणि एक डेसिकेटर एवढ्या सामग्रीवर हे काम होते, आणि मध्यम प्रतीच्या कोणत्याही कंपनीच्या प्रयोगशाळेत ही सामग्री असते.

असे असता प्रत्यक्षात काय आढळते? भिंतीवर चौकटीत बसविलेले एक प्रमाणपत्र आढळते. वर्षातून एकदा बाहेरच्या संस्थेचा माणूस येतो किंवा मीटर तिकडे पाठविले जाते, कागद येतो, तो टांगला जातो आणि पुढील बारा महिने त्या कागदाकडे बोट दाखविण्यात येते. त्या कागदास माझा विरोध नाही. परंतु तो कागद मे महिन्यातील यंत्राविषयी बोलतो. ऑक्टोबरातील यंत्राविषयी नव्हे. मधल्या काळात यंत्र टेबलावरून पडलेले असते, त्याच्या भांड्यात भुसा व तेलकट धूळ बसलेली असते, बॅटरी उतरलेली असते. एका खरेदी केंद्रावर शेजारी शेजारी ठेवलेली दोन मीटरे एकाच पोत्यातील दाण्यांना निरनिराळे आकडे देताना मी पाहिली आहेत. दोहोंचीही प्रमाणपत्रे भिंतीवर होती. केंद्रावरील मुलाने कोणते खरे मानावे? त्याने जे जास्त दाखवीत होते ते खरे मानले, कारण कमी दाखविणारे मानले असते तर त्याला वरून बोलणी बसली असती. त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. ज्याच्या हाती ताडून पाहण्यास काही दिलेलेच नाही, तो यापेक्षा वेगळे काय करणार?

यास्तव तपासणी घरी व्हावयास पाहिजे. येथे कोणी विचारील, आणि ते योग्यच आहे, की माल घेणाऱ्यानेच आपले यंत्र तपासावयाचे म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देण्यासारखे नव्हे काय? आक्षेप खरा आहे. परंतु त्याला उत्तर बाहेरच्या कागदाने मिळत नाही. ते प्रमाणांच्या साखळीने मिळते. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत भारताचा ५७ क्रमांकाचा किलोग्रॅम ठेवलेला आहे. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या तुकड्यावरून न करता निसर्गातील एका स्थिरांकावरून करण्यात येऊ लागली, तरी साखळीचे तत्त्व तेच राहिले. राष्ट्रीय प्रमाणावरून प्रमाणित प्रयोगशाळांची वजने तपासली जातात, त्यांवरून कंपनीच्या प्रयोगशाळेतील वजनांची पेटी, पेटीवरून काटा, काट्यावरून ओव्हनची रीत, आणि तीवरून मीटर. तापमापकाचीही अशीच साखळी असते. प्रयोगशाळांच्या पात्रतेचे जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, म्हणजे २०१७ सालचे आयएसओ १७०२५, तेही घरच्या अंशशोधनास मना करीत नाही. साखळी अखंड असावी, करणारा माणूस त्या कामात शिकलेला असावा, चुकीची संभाव्य मर्यादा काढलेली असावी आणि नोंद असावी, एवढेच ते मागते. घरची तपासणी म्हणजे घरचे माप नव्हे.

हा भेद न ओळखल्यामुळे केवढा अनर्थ होतो ते पाहा. समजा, ओव्हनच्या दर्शनी पट्टीवर १०३ अंश दिसत आहेत, पण आतील वरच्या फळीवर प्रत्यक्षात ९५ आहेत. तेवढ्या उष्णतेवर ठरलेल्या वेळात सर्व पाणी निघत नाही. ओव्हनचा ओलावा कमी येतो. आता त्या ओव्हनवरून कंपनीने आपली आठ-दहा मीटरे जुळवून घेतली, तर सर्व मीटरे कमी दाखवू लागतील. ओव्हन फाजील तापत असेल तर पाण्याबरोबर दुसरेही काही उडून जाईल, ओलावा जास्त दिसेल, आणि सर्व मीटरे शेतकऱ्याच्या विरुद्ध चुकतील. शिवाय ती एकमेकांशी तंतोतंत जुळतील! दोन यंत्रे एकमेकांशी जुळली म्हणजे ती खरी, असा जो भोळा समज आहे तो येथे फसतो. एका चुकीच्या ओव्हनने दहा केंद्रे एकमुखाने चुकतात, आणि कोणाला शंकाही येत नाही. दोन न जुळणाऱ्या मीटरांपेक्षा दहा जुळणारी पण चुकीची मीटरे अधिक घातक होत.

म्हणून ओव्हनच्या दर्शनी आकड्यावर विसंबू नये. बाहेरून प्रमाणित होऊन आलेला तापमापक आत, नमुन्याच्या डब्या जेथे ठेवतात तेथे ठेवावा. मध्यभागी, कोपऱ्यांत, वरच्या व खालच्या फळीवर उष्णता पाहावी, आणि तीही डब्या भरलेल्या असताना पाहावी. जुन्या ओव्हनमध्ये दाराजवळ व मागे सात-आठ अंशांचे अंतर पडणे अशक्य नाही. असे असेल तर ओव्हन टाकून देण्याचे कारण नाही. जी फळी योग्य उष्णता देते तीवर खूण करून तेवढीच वापरावी. तापमापकाचा शून्याचा अंश शुद्ध पाण्याच्या ठेचलेल्या बर्फात केव्हाही पाहता येतो. उकळत्या पाण्यात शंभर अंश दाखवितो का, अशीही परीक्षा काही मंडळी करतात. तिच्यात एक फसगत आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरील मराठवाड्याच्या पठारावर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. तेथे तापमापकाने बरोबर शंभर दाखविले तर तो खरा आहे असे नव्हे, तर चुकीचा आहे असे समजावे.

काट्याविषयी एक गमतीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. काटा प्रत्येक ग्रॅमला सारख्याच प्रमाणात कमी अगर जास्त दाखवीत असेल तर ओलाव्याच्या टक्केवारीत ती चूक उरत नाही, कारण आपण घटीला मूळ वजनाने भागतो आणि दोन्हीकडची चूक भागाकारात निघून जाते. परंतु पहिल्या व दुसऱ्या तोलण्याच्या दरम्यान काट्याचा शून्य सरकला तर ती चूक जात नाही. दहा ग्रॅमच्या नमुन्यात शून्य केवळ ०.०१ ग्रॅमने सरकला तरी ओलाव्यात एक दशांश टक्का फरक पडतो. पाच ग्रॅमच्या नमुन्यात दोन दशांश. तेव्हा लहान नमुन्याचा काटा मिलिग्रॅमपर्यंत वाचणारा असावा, वाऱ्याच्या झोतात किंवा पंख्याखाली नसावा, आणि प्रत्येक वेळी शून्य पाहून घ्यावा. प्रमाण वजने चिमट्याने उचलावी, बोटांनी नव्हे. त्या पेटीतील वजन काढून पोत्याच्या काट्यावर घासलेले जेथे दिसेल तेथे पुढचे काही पाहण्याची आवश्यकता नाही. गरम डबी काट्यावर ठेवणे ही सर्वत्र आढळणारी घाई होय. डबी झाकण लावून डेसिकेटरमध्ये गार होऊ द्यावी, आणि त्यातील रंगाचे सिलिका जेल निळे आहे की दमटपणाने गुलाबी पडले आहे याकडे पाहावे. गुलाबी जेलच्या डेसिकेटरमध्ये वाळलेला नमुना पुन्हा हवेतील पाणी पितो.

इतकी पूर्वतयारी झाल्यावर मीटरची पाळी येते. हे काम आवक सुरू होण्यापूर्वी, सप्टेंबरातच व्हावे. एकच नमुना घेऊन मीटर जुळविणे म्हणजे अर्धवट काम होय. समजा, ओव्हनने तीन नमुन्यांचा ओलावा ९.८, ११.६ व १३.९ आला आणि मीटरने त्यांनाच १०.०, १२.३ व १५.१ दाखविले. चूक पहिल्या ठिकाणी दोन दशांश, दुसऱ्या ठिकाणी सात दशांश व तिसऱ्या ठिकाणी एक टक्का दोन दशांश आहे. कोरड्या नमुन्यावरून पाहणारा म्हणेल की मीटर ठीक आहे. परंतु जेथे शेतकऱ्याचे नशीब ठरते त्या बारा टक्क्यांपाशी ते ठीक नाही. तेव्हा आठपासून सोळा टक्क्यांपर्यंत निदान चार-पाच निरनिराळ्या ओलाव्याचे, त्या भागात पेरल्या जाणाऱ्या वाणांचे नमुने घ्यावे. प्रत्येकाचे तीन ते पाच वेळा भांडे रिकामे करून पुन्हा भरून वाचन घ्यावे व सरासरी काढावी. दमट नमुना मिळत नाही म्हणून कोरड्या दाण्यांवर पाणी शिंपडून लगेच मापण्याचा उद्योग करू नये. वरचे साल ओले व गर कोरडा असा तो दाणा कोणत्याच मीटरला खरे बोलू देणार नाही. पाणी घालावयाचेच असेल तर बंद डब्यात थंड जागी काही दिवस मुरू द्यावे.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मीटर तपासणे आणि मीटर जुळविणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. कित्येक तंत्रज्ञ मीटर हाती येताच आकडा फिरवून ते खऱ्यावर आणतात आणि वहीत लिहितात की मीटर बरोबर आहे. बरोबर आहे ते आता. ते येताना कसे होते? जुळविण्यापूर्वी आढळलेली चूक प्रथम लिहिली पाहिजे. कारण ती चूक मागच्या दिवसांची कहाणी सांगते. मीटर आठ दशांश जास्त दाखवीत होते असे आज आढळले, तर मागील चांगल्या तपासणीपासून आजपर्यंत त्या मीटरने मापलेला प्रत्येक माल संशयित ठरतो. ज्यांची घट जास्त धरली गेली त्यांना फरक दिला पाहिजे. ज्यांचा माल बारा व तेरा टक्क्यांच्या दरम्यान म्हणून परत पाठविला त्यांना निरोप धाडून बोलाविले पाहिजे. ज्याने तो माल तोवर विकून टाकला त्याची भरपाई अवघड आहे हे मी जाणतो. पण त्याला ते कळविण्याचेही धैर्य कंपनीने दाखवू नये काय? व्यवस्थापक म्हणतात की, असे केले तर लोकांचा विश्वास उडेल. मला याच्या नेमके उलट वाटते. चूक सापडल्यावर ज्याला बोलावून पैसे दिले गेले, तो शेतकरी पुढील दहा वर्षे त्या कंपनीचाच राहतो.

मागे पाहावयाचे क्षेत्र जितके लहान तितके हे काम सोपे, आणि रोजच्या ताळ्याचा उपयोग तेथेच आहे. ओव्हनने ओलावा काढलेल्या, साधारण अकरा-बारा टक्क्यांच्या एकाच मालाच्या बऱ्याच हवाबंद डब्या हंगामाच्या आरंभी करून ठेवाव्या. रोज सकाळी पहिली गाडी मापण्यापूर्वी एक डबी मीटरवर मापावी व आकडा वहीत लिहावा. तीच डबी पुनःपुन्हा उघडून वापरू नये; उघडलेली डबी हवा खाते. आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर त्या दिवशी ते मीटर बंद ठेवावे. या कामास पाच मिनिटे लागतात. चूक आढळली तर फार तर कालच्या गाड्या पुन्हा पाहाव्या लागतील, वर्षभराच्या नव्हेत.

मीटर तपासणारा व माल घेणारा हे एकच गृहस्थ नसावेत, हे सांगण्याची आवश्यकता भासू नये. लहान उत्पादक कंपनीत माणसे थोडी असतात ही अडचण खरी आहे. तेथे संचालक मंडळावरील एखाद्या शेतकऱ्याने आठवड्यातून एकदा ताळ्याच्या वेळी उभे राहून वहीवर सही केली तरी पुष्कळ काम होते. त्याचप्रमाणे वर्षातून एक-दोनदा एकाच मालाचे भाग करून एक आपण मापावा व दुसरा कृषी विद्यापीठाच्या किंवा दुसऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेकडे पाठवावा. आपला ओव्हन जगाच्या बाहेर गेला असल्यास तेथेच उघडकीस येते.

आता मर्यादेवरील मालाचा प्रश्न. प्रत्येक मीटरला काही एक अनिश्चितता असतेच. ज्या मीटरची ती अर्धा टक्का आहे त्याने १२.३ दाखविले तर माल बाराच्या आत आहे की बाहेर, हे ते मीटर सांगूच शकत नाही. अशा वेळी माल सरळ नाकारणे म्हणजे यंत्राच्या दुबळेपणाचा दंड शेतकऱ्याला करणे होय. माझ्या मते, अशा मालाचा नमुना शेतकऱ्यासमक्ष तीन हवाबंद डब्यांत सीलबंद करावा. एक शेतकऱ्याजवळ, एक कंपनीजवळ व एक ओव्हनसाठी. माल तात्पुरत्या पावतीवर वेगळा उतरवून घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी ओव्हनचा आकडा येईल तो दोघांनी मानावा. जागा नाही, वेळ नाही, असे याला उत्तर मिळते. गर्दीच्या दिवसांत ते काही अंशी खरेही आहे. परंतु असे सीमेवरील माल रोज किती येतात ते वहीत पाहिल्याशिवाय हे उत्तर देऊ नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या बाबतीत काय करावे? प्रयोगशाळेत शिरून तज्ज्ञांशी हुज्जत घालावी असे मी सुचवीत नाही. त्यांनी शेतकऱ्यांना साधे प्रश्न विचारावयास शिकवावे. आज सकाळचा ताळा किती आला? हे मीटर ओव्हनशी शेवटचे केव्हा ताडले, आणि तेव्हा जुळविण्यापूर्वी किती चूक होती? पडद्यावर पीक कोणते निवडले आहे? वजनाच्या काट्याबद्दल विचारण्याची सवय आपल्या शेतकऱ्यास आहे. वैध मापन शास्त्र विभागाकडून विजेच्या काट्याची पडताळणी दरवर्षी झाली पाहिजे हे त्याला ठाऊक असते आणि शिक्का तो पाहतो. तीच नजर मीटरकडे वळवावयाची आहे. ज्या केंद्रावर हे प्रश्न दोन-चारदा विचारले जातील तेथे वही आपोआप टेबलावर येईल.

शेतकरी बंधूंनीही आपल्याकडून यंत्राला चुकण्यास निमित्त देऊ नये. खळ्यावरून तापलेला माल तसाच केंद्रावर नेऊ नये. सावलीत गार होऊ द्यावा. बहुतेक मीटरे उष्णतेची दुरुस्ती स्वतः करतात, परंतु यंत्र गार व दाणे गरम असले म्हणजे ती दुरुस्तीही गोंधळते. सकाळी कापलेला बांधाकडचा दमट माल व माळावरचा कोरडा माल एका पोत्यात मिसळू नये, कारण परखी ज्या बाजूला शिरेल तोच आकडा सगळ्या गाडीचा ठरतो. नमुना एकाच पोत्यातून न घेता अनेक पोत्यांतून, वरून, मधून व तळातून घ्यावयास सांगावे. घरच्या घरी अंदाज घेण्यासाठी कोरड्या काचेच्या बाटलीत कोरडे मीठ व दाणे घालून हालविण्याची जुनी युक्ती आहे. मीठ काचेला चिकटले तर माल निश्चित दमट, सुमारे पंधरा टक्क्यांच्या वर. बारा आणि तेरा यांतील भेद मात्र बाटलीला कळत नाही, त्यामुळे तिच्या भरवशावर केंद्रावर भांडू नये.

खर्चाची सबब पुढे केली जाते, तीबद्दल दोन शब्द. प्रमाण वजनांची चांगली पेटी व प्रमाणित तापमापक प्रत्येक लहान कंपनीने घ्यावा असे नाही. एका तालुक्यातील चार-पाच उत्पादक कंपन्यांनी मिळून एक संच घ्यावा, एकीच्या प्रयोगशाळेत ठेवावा आणि आळीपाळीने आपले काटे व ओव्हन त्यावर पाहून घ्यावे. हाच संच बाहेर प्रमाणित करण्याचा खर्च मग वाटून जातो. मीटरे मात्र प्रत्येकीने आपापल्या घरी, आपल्या ओव्हनवर ताडावी. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात वजने व तापमापक, दुसऱ्या आठवड्यात ओव्हन, तिसऱ्या आठवड्यात मीटरे, आणि महिनाअखेर ताळ्याच्या डब्या सील करून केंद्राकेंद्रांवर पोहोचविणे, असा क्रम धरला तर पहिली गाडी येईपर्यंत सर्व तयारी होऊन जाते. ज्या कंपन्यांच्या वार्षिक सभा त्याच महिन्यात असतात, त्यांच्या सभासदांनी मागील हंगामाची ताळ्याची वही सभेत मागवून घ्यावी.